गाव बांधलं त्या हप्त्यात

कॉलेज सुरू होते म्हणजे काय होते, हे प्रोफेसरायले नका विचारू, मले विचारा. प्रोफेसर येतेत घंटा झाल्यावर. माह्या इथी त्याच्या किती आधीपासून कल्ला सुरू असते. कोणाची पेटी कोणाच्या पेटीवर ठेवली, कोणाले खिडकीपाशीच झोपाचं हाये, कोण म्हणते बाई डाळीत तिखट लय, कोण म्हणते डाळ हाये का हात धुतलेलं पाणी. मी एकेकाले सरळ करतो. दसऱ्यापर्यंत सारे गाईवानी गरीब होतेत.

मी सुगंधाबाई. चांद्याले, जटपुऱ्याच्या दरवाज्याच्या आतल्या अंगाले माही खानावळ हाये. मालक गेले तवापासून परक्याच्या पोट्ट्यायले खाऊ घालून राह्यली. तोंडानं फाटकी आहो, हे तुमाले कोणीही सांगीन. सांगू द्या. तोंड नसतं तं या पोट्ट्यायनं मलेच शिजवून खाल्लं असतं.

आमचं कॉलेज काय मोठं नोहतं. जुन्या जिनिंगचं गोदाम, त्यात मधामधात तट्टे मारून खोल्या केल्या होत्या. एका खोलीत इंग्रजी सुरू झालं का बाजूच्या इतिहासवाल्यायलेही फुकटात भेटे. पण चांद्यासारख्या जंगली जिल्ह्यात कॉलेज निघालं, हे काय कमी हाये? नाईतं मॅट्रिक झाला का नागपूर गाठा, अन् नागपूर कोणाच्या बापाले परवडे!

मी सांगून राह्यली ते वर्स म्हणजे आमचा जिल्हा नुकताच मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला होता. आम्ही होतो तिथीच होतो, राज्यच उठून गेलं. तं त्या वर्सी जुलै लागला अन् एका सकाळी दारात एक पोट्टा उभा. काळासावळा, शेलाटा, धोतर गुडघ्यापर्यंत, सदरा मात्र कोरा. हातात टोपली, वरतून पळसाचं पान झाकलेलं.

"काय गा, चारोळी विकाले आला काय?" मी म्हणलं.

"नाई बाई. कालेजात नाव टाकाले आलो. चारोळी माह्या मायनं देल्ली, जे घरी ठेवून घेतीन त्यायच्यासाठी."

मले मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मी काय तसं दाखवतो! "मंग असा खांबावानी उभा काऊन राह्यला?" म्हणलं. "पाय धू अन् बस जेवाले."

त्याचं नाव लालसू मडावी. पोंभुर्ण्याच्या पुढं जंगलात बेहडाटोला नावाचं गाव हाये, दहावीस घरं गोंडायची, तिथला. गावात मॅट्रिक झालेला हा पहिलाच. मूल गावाले एका मास्तराच्या ओसरीत राहून, त्यायच्या गाईचं शेण काढून शिकला. बाप जंगू, गावचा भुमक. भुमक म्हणजे गावच्या देवाचं पाहणारा. पेरणीचं पहिलं बी तो टाकते, रोगराई आली तं तोच हाकलते. तो हव म्हणल्याशिवाय गावात नवं फळ कोणी तोंडात घालत नाई. एवढा मोठा मान, पण घरात खाले आंबील.

गुणवंतराव वैरागडे आमच्या कॉलेजचे प्रिन्सिपाल. माणूस सोन्यासारखा, हे आधीच सांगून ठेवतो, काऊनका पुढं मी त्यायले लय बोलली. लालसूचे मार्क पाहून त्यायनं त्याले समोरच्या खुर्चीवर बसवलं. चपराशी पाहतच राह्यला. पण नाव टाकाची वेळ आली तं म्हणाले, "वडिलांना घेऊन ये. माझ्यासमोर त्यांचा अंगठा झाला पाहिजे. येत्या शनिवारी प्रवेश बंद होतात."

त्याचं कारण असं का आधीच्या वर्सी एका पोट्ट्यानं कोण्या पानठेलेवाल्याले काका म्हणून उभं केलं, अन् दिवाळीत खरा बाप काठी घेऊन कॉलेजात आला. वरतून तारखेनंतर दोघातिघायची नावं घेतली होती, ते नागपूरच्या युनिव्हर्सिटीले समजलं. तिकडच्या साहेबायनं दम भरला का पुन्हा असं झालं तं कॉलेजच बंद. तवापासून गुणवंतराव तारीख म्हणलं का घाबरत.

मी पदर खोचून गेली कॉलेजात. म्हणलं, "मले करा न पालक. माह्या घरी राहीन, माह्या हातचं खाईन, चुकला तं माहाच मार खाईन. पालक म्हणजे आणखी काय असते?"

ते हासले. "बाई, असं केलं तर उद्या तुम्ही सगळ्या कॉलेजच्याच पालक व्हाल."

"मंग काय वाईट होईन?" म्हणलं. पण ते काही ऐकले नाई.

लालसू त्याच दिवशी निघाला. म्हणला, "बाई, गुरुवारी बाबाले घेऊनच येतो. माही खिडकीपाशची जागा कोणाले देऊ नोका." जागा खिडकीपाशची नोहतीच, मोरीपाशची होती. पण मोरीले एक झरोका होता, त्यालेच तो खिडकी म्हणे.

बुधवारी लटारू आला. लटारू पोंभुर्ण्याकडचा बंडीवाला, माह्याकडं तांदूळ आणते. पोतं उतरवता उतरवता म्हणला, "बाई, तुमचा तो मडाव्याचा पोट्टा काही येत नाई आता. त्यायचं गाव बांधलं."

चांद्यात राहूनही मले हे ठाऊक होतं. अखाडी लागली, म्हणजे आषाढ आला, का तिकडच्या गावायत गाव बांधतेत. भुमक शिवेच्या चारी अंगानं फिरते, मंत्र म्हणते, वाटेवर बिब्याच्या फांद्या रोवते अन् आडवी दोरी बांधते. एकदा गाठ पडली का आतला माणूस बाहेर नाई अन् बाहेरचा आत नाई. माणूसच काय, काडीसुद्धा नाई. रोगराई, भूतखेत, सारं शिवेबाहेर राह्यलं पाहिजे म्हणून. एक दिवस असं राहते, दुसऱ्या दिवशी भुमकच गाठ सोडते.

"मंग सुटलं असन न आतापर्यंत," मी म्हणलं.

"कुठचं सुटते! गाठ मारली अन् सांजच्याले बातमी आली, नाल्यापल्याडच्या टोल्यात माता निघाली. आता माता जाईपर्यंत गाव बंद."

माता म्हणजे देवी. अंगावर फोड येतेत ते. लालसूचा हिशेब काही चुकीचा नोहता. बाप भुमक, तो गाव बांधल्याबिगर निघूच शकत नोहता. म्हणून पोट्ट्यानं धरलं का एक दिवस गाव बांधन, दुसऱ्या दिवशी सुटन, तिसऱ्या दिवशी दोघं निघू. आपल्यासारख्यानं बापाले आधीच ओढून नेलं असतं. त्याच्या मनातही नाई आलं ते. भुमकाच्या पोट्ट्याच्या मनात येतच नाई.

मी लटारूवर अशी तापली, जसं काही त्यानंच गाव बांधलं. बिचारा म्हणे, "बाई, मी त तांदूळ आणला." म्हणलं, "चूप! उद्या मले तिथी नेऊन सोड." चूल शेजारच्या गुणाबाईले सोपवली, पोट्ट्यायले सांगतलं का ते जे वाढीन ते मुकाट्यानं खाजा, अन् चपराश्याजवळून कॉलेजचा फारम मागून पदरात बांधला. सकाळच्या मोटारीनं मूल, मूलहून लटारूच्या साळ्याची बंडी. रात पोंभुर्ण्याले काढली. शुक्रवारी पहाटे पुन्हा बंडी जुंपली, पण पुढं चिखलात बैल रुतले तवा पायदळ निघाली. या वयात! माह्या मायनं पाहिलं असतं तं म्हणली असती, सुगंधा, तुले भूत लागलं.

दिवस चांगला वर आला होता तवा शीव दिसली. दोन झाडायच्या मधात दोरी, दोरीले लिंबाचा पाला, खाली बिब्याच्या फांद्या रोवलेल्या. पल्याड एका लाकडावर बिरजू नावाचा म्हातारा राखणीले बसला होता. मले पाहून उठला अन् हात आडवा केला. मी म्हणलं, "येत नाई बावा आत, भिऊ नोको. लालसूले बोलाव."

लालसू धावतच आला. दोरीपासून हातभर दूर असा थांबला, जसं तिथी भिंतच हाये. मले पाहून त्याचं तोंड फुललं, अन् मंग एकदम उतरलं.

"बाई, तुम्ही काऊन आल्या एवढ्या दूर?"

"आरती ओवाळाले आली तुही! उद्या शनिवार हाये, ठाऊक हाये का नाई?"

"ठाऊक हाये," तो म्हणला. "रोज मोजून राह्यलो."

मागून त्याचा बाप आला. जंगू म्हणजे नुसती हाडं, डोक्यावर पांढऱ्या केसायचा बुचडा. गाव बांधलं तवापासून उपासच होता त्याले. त्याच्यामागं लालसूची माय सुकरी, कडेवर एक पोट्टी. सुकरीले आपली बोली येत नोहती. ती मले पाहून हासली अन् हातानं विचारलं, जेवली काय?

मी फारम दाखवला. "जंगूभाऊ, अंगठा द्या याच्यावर. मी जातो घेऊन, तिथी भांडतो."

जंगूनं फारमाकडं पाहिलं. "आतून बाहेर काही जात नाई बाई. माहा अंगठा बी जात नाई."

"अन् पोट्टा?"

"तो बी आतच हाये."

"त्याच्या जिनगानीचं वाटोळं होऊन राह्यलं न पण!"

"मीच धाडलं त्याले शाळेत," जंगू म्हणला. "गाव हासे. म्हणे, भुमकाचा पोरगा शिकन तं पेनाचं, आपल्या देवाचं, कोण करन? मी म्हणलं, शिकू द्या. मले बी वाटते बाई, तुमच्याहून जास्त वाटते. गाठ मी मारली, मीच सोडीन. पण माता गेल्यावर."

"माता कधी जाईन?"

"तिले वाटन तवा."

मातेले काय कॉलेजची तारीख सांगाची? मी बापाले सोडलं अन् पोट्ट्यावर आली. "लालसू, मार उडी. ढांगभर तं हाये. तुहा बाप अंगठा देत नाई तं नको देऊ, मी पाहून घेतो प्रिन्सिपालले. तू फक्त इकडं ये."

लालसूनं मागं बापाकडं पाहिलं. मंग हळूच बोलला, "बाई, मले शाळेत देवी टोचल्या हायेत. मले काही होत नाई. अन् मी बाहेर गेलो म्हणून रोग आत येत नाई, हे बी मले ठाऊक हाये."

"मंग?"

"मले ठाऊक हाये. त्यायले नाई ठाऊक. इथी कोणालेच टोचलं नाई. परवा एखादं लेकरू तापलं तं म्हणतीन, भुमकाच्या पोरानं शीव तोडली, अन् भुमक पाहत राह्यला. माहा बाप इथीच राहणार हाये न बाई."

त्याच्या मायच्या कडेवरची पोट्टी तोंडात बोट घालून माह्याकडं पाहून राह्यली होती. तिचे गाल साफ, कोवळे. माही मनकर्णा तेवढीच होती. देवीतच गेली. शेजारणीनं सांगतलं होतं का घरात कोणाले येऊ देऊ नोको, अन् मी हासली होती का असं कुठी असते काय. कोणाच्या येण्यानं ते आलं, का आपसूक आलं, देव जाणे. पण ज्याचं लेकरू जाते त्याले मंग कोणीतरी लागते बोट दाखवाले. मले समोरच्या दहावीस घरायतल्या साऱ्या माया दिसाले लागल्या. त्यायले मी कोण्या तोंडानं म्हणू का माह्या खानावळीतल्या एका पोट्ट्यासाठी शीव तोडा?

मी रडली. सांगाले लाज नाई वाटत, तिथीच चिखलात बसून मोठ्यानं रडली.

तवा जंगू पुढं आला. दोरीच्या गाठीवर हात ठेवला. बिरजू म्हातारा उभाच झाला. मागं चारपाच माणसं जमली होती, ते कोणीच काही बोलले नाई. कोणी बोललं असतं, शिव्या देल्ल्या असत्या, तं मी तोंड देल्लं असतं. ते नुसते पाहत राह्यले. तो आपल्या बोलीत लालसूले काहीतरी म्हणला.

लालसूनं बापाचा हात धरला अन् गाठीवरून काढला. "नाई बाबो," म्हणला. अन् मले म्हणला, "बाई, तुम्ही जा. मोटार चुकन."

"काय म्हणला तुहा बाप?" मी विचारलं.

"म्हणला, मी सोडतो, तू जाय. उद्यापासून दुसरा भुमक पाहतीन गाववाले."

मी उठली. पदराचा चिखल झटकला. काय करणार होती? सुकरीनं पुन्हा हातानं विचारलं, जेवली काय? अन् मंग तिच्याच ध्यानात आलं का भाकर बी दोरीपल्याड जात नाई. तिनं हात खाली केला. मी म्हणलं, जेवली बाई, पोट भरलं माहं.

शनिवारी दुपारी मोटारीतून उतरली ते तशीच कॉलेजात. नवे पोट्टे वऱ्हांड्यात फिरून राह्यले होते, कोणाच्या खिशाले फाऊंटन पेन, कोणाच्या डोक्याले तेल, साऱ्यायच्या तोंडावर नवलाई. मले त्यायचाही राग आला. त्यायचा काय दोष होता! गुणवंतरावाच्या खोलीत गेली अन् जे सुरू झाली ते बंदच नाई झाली. तुमच्या तारखेले काय शेंडा ना बुडखा, म्हणलं. अखाडीत तारीख ठेवता, ज्या जिल्ह्यात कॉलेज काढलं त्या जिल्ह्यात अखाडीत काय होते हे एकाले तरी विचारलं काय? बाप उपाशी मरून राह्यला, पोट्टा दिवस मोजून राह्यला, अन् तुमाले अंगठा पाहिजे! घ्या माहा अंगठा. दोन्ही हाताचे घ्या.

गुणवंतरावानं सारं ऐकून घेतलं. चष्मा काढून पुसला. मंग म्हणाले, "बाई, तुमचं खरं आहे. मी तुम्हाला पालक म्हणून लिहून घेतो. जे व्हायचं ते होवो."

मले पटलंच नाई. शाई पुढं सरकवली, माहा अंगठा घेतला. मले वाटलं, जिंकली बाप्पा! तेवढ्यात ते म्हणाले, "आता त्याला बोलवा. तुमच्यासोबत आलाच असेल."

"कोणाले?"

"लालसूला. त्याची सही माझ्यासमोर व्हायला हवी. तेवढी तर हवीच ना."

ज्या दिवशी तो पोट्टा इथी होता त्या दिवशी पालक नोहता, अन् आता पालक होता तं पोट्टा नोहता. पाचाची घंटा होईपर्यंत मी त्या खुर्चीवरच बसून राह्यली. मंग गुणवंतरावानं चपराश्याले बोलावलं अन् नावं नागपूरले धाडाले देल्ली.

पुढच्या हप्त्यात सांजच्या वेळी मी भांडे घासून राह्यली होती तं दारात दोघं उभे. लालसू अन् जंगू. माता गेली होती, बेहडाटोल्यात एका लेकराच्या अंगावरही फोड उठला नोहता. गाठ सोडून दोघं त्याच पावली निघाले होते, जंगूनं वाटेत उपास सोडला. त्यानं डोक्याले नवं फडकं बांधलं होतं. चांदा त्यानं जिनगानीत पहिल्यांदा पाहिलं.

सकाळी मी त्यायले कॉलेजात नेलं. जंगू गुणवंतरावापुढं उभा राह्यला, जोडे दाराबाहेर काढून, हात जोडून. म्हणला, "मी आलो साहेब. मी याचा बाप. अंगठा घ्या."

गुणवंतराव खुर्चीवरून उठून उभे झाले. तारीख गेली, हे त्या माणसाले कसं सांगाचं? तारीख म्हणजे काय, ते त्याले समजत होतं. त्याच्या इथी बी पेरणीची घडी असते. पण ती घडी थांबते न माणसासाठी, पाऊस नाई आला तं देव बी थांबते. शेवटी गुणवंतराव म्हणाले, "पुढच्या आठवड्यात मी स्वतः नागपूरला जातो. हातापाया पडतो. तोवर त्याला वर्गात बसू द्या."

जंगूले त्यातलं शेवटचंच समजलं. लालसूनं त्याले बाकीचं सांगाले तोंड उघडलं होतं, पण बापाचं तोंड पाहून गप्प झाला. जंगूनं वर्गाच्या दारातून आत पाहिलं, पोट्टा बाकावर बसला ते पाहिलं. मंग माह्या इथी येऊन भाकर खाल्ली अन् म्हणला, "बाई, गावात सांगतो, पोरगा कालेजात बसला. तुमाले कोंबडा आणीन दिवाळीले." मी म्हणलं, "आणजो भाऊ."

लालसू रोज जाऊ लागला. सदरा रोज रात्री धुवे, सकाळी ओलाच घाले. झरोक्यापाशी बसून वाचे. बाकीचे पोट्टे त्याले 'भुमक महाराज' म्हणून चिडवत, तं तो म्हणे, जास्त बोलान तं तुमचं गाव बांधीन. सारे हासत. मी बी हासे. मले वाटाले लागलं, होईन बाप्पा, नागपूरचे साहेब बी लेकराबाळाचेच असतीन.

गुणवंतराव नागपूरहून आले त्या दिवशी आधी घरी नाई गेले, माह्या सैपाकघराच्या दारात आले. हातात पिशवी तशीच. मी चुलीवर भात ठेवला होता. त्यायचं तोंड पाहूनच मले समजलं.

"नाही झालं, बाई," म्हणाले. "दोन दिवस बसलो त्यांच्या दारात. म्हणतात, पुढच्या वर्षी. आणि उद्यापासून त्याला वर्गात बसवलं तर कॉलेजवर येईल. तुम्ही सांगा त्याला. मला नाही जमणार."

"काऊन? मलेच जमते काय?" मी ओरडली. "प्रिन्सिपाल तुम्ही, अन् सांगाचं मी? पगार घ्याचा तुम्ही अन् पाप घ्याचं मी?" आणखीही लय काय काय बोलली. मान खाली घालून उभे राह्यले, अन् मंग तसेच गेले. माह्याच लक्षात आलं का या माणसाले शिव्या देऊन काही होत नाई. कोणाले देऊन होते, ते बी समजत नोहतं. मातेले देऊ, का जंगूले, का त्या नागपूरच्या साहेबाले ज्याचं मी तोंडही पाहिलं नाई?

लालसू येईपर्यंत मी मनात शब्द जमवून ठेवले. म्हणलं, असं सांगू: बेटा, एक वर्स म्हणजे काय, चुटकीसरशी जाते. तू इथीच राय, माह्या हाताखाली काम कर, पुढच्या वर्सी मीच घेऊन जाईन. तो म्हणन, बाबानं गावात सांगतलं बाई. मंग मी काय म्हणू?

तो आला तेच मुळी हासत. पाय धुतले का नाई कोण जाणे, ताटावर येऊन बसला.

"बाई, आज काय झालं! तर्कशास्त्राच्या सरायनं एक सवाल घातला. कोणालेच नाई आला. मी उत्तर देल्लं, तं सर म्हणे, शाब्बास, तुझं नाव काय? तुझं नाव मी हजेरीत कधी घेतलंच नाही. म्हणलं, लालसू जंगू मडावी. म्हणे, चूक झाली माझी, उद्या सकाळी पहिलं नाव तुझंच घेतो."

मी भात वाढला. डाळ वाढली. त्यानं कालवला, एक घास घेतला, अन् पुन्हा सरायनं कसं विचारलं, आपण कसं उत्तर देल्लं, हे पहिल्यापासून सांगू लागला. हातात डाव घेऊन मी त्याच्यापुढं उभी. चांद्यात माह्या तोंडाले लोक भितेत. मी ते तोंड उघडलं.

"अजून भात घेतो काय?" म्हणलं.

"हव बाई," तो म्हणला. "आज भूक लय हाये."

मी आणखी वाढला.